सीएमएस वापरून संकेतस्थळ चालवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संकेतस्थळ तयार झाल्यावर ते चालवायची, त्यात भर घालायची आणि ते सुरक्षित ठेवायची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणे बहुतेक वर्डप्रेस या सीएमएसची आहेत, कारण जगातली ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. मात्र इथले बहुतेक मुद्दे द्रुपल, जूमला किंवा इतर कोणत्याही प्रणालीला लागू पडतात.

सीएमएसने काम सोपे होते म्हणजे नेमके काय होते?

समजा, तुमच्या संकेतस्थळावर ६० पाने आहेत आणि प्रत्येक पानाच्या तळाशी संपर्काचा क्रमांक आहे. पाने हाताने लिहिलेल्या एचटीएमएल फाइलींची असतील, तर क्रमांक बदलताच ६० फाइली उघडायच्या, प्रत्येकीत दुरुस्ती करायची आणि सगळ्या पुन्हा सर्व्हरवर चढवायच्या. ५८ बदलल्या जातात, दोन राहून जातात आणि नेमक्या त्या दोनच कुणाला तरी सापडतात. सीएमएस, म्हणजे आशय व्यवस्थापन प्रणाली, हा घोळ मुळातच टाळते. मजकूर एका जागी राहतो, मांडणी दुसऱ्या जागी. तळपट्टी एकाच साच्यात असते, त्यामुळे क्रमांक तिथे एकदा बदलला की साठही पानांवर बदललेला दिसतो.

उलट बाजूनेही हेच खरे आहे. संकेतस्थळाचे रूप बदलायचे असेल तर थीम, म्हणजे मांडणीच्या साच्यांचा संच, बदलली जाते आणि लिहिलेल्या शेकडो लेखांना हात लावावा लागत नाही. बाकीच्या सगळ्या सोयी, म्हणजे मसुदे, जुन्या आवृत्त्या, वेळ ठरवून प्रसिद्ध करणे, अनेक लोकांनी एकत्र काम करणे, या एका विभागणीवरच उभ्या आहेत.

कुणी पान उघडले की आत काय घडते?

हे एकदा समजून घ्या, पुढच्या निम्म्या अडचणींचे कारण यातूनच कळते. वाचकाने दुव्यावर क्लिक केले की विनंती सर्व्हरवर पोहोचते. तिथे पीएचपी भाषेतला कोड पत्ता वाचतो, त्या पत्त्याचा मजकूर डेटाबेसमधून काढतो, थीममधल्या साच्यात बसवतो आणि तयार झालेले एचटीएमएल ब्राउझरकडे पाठवतो. म्हणजे पान आधीपासून तयार नसते, मागणी येताच बांधले जाते.

म्हणून तीन ठिकाणी बिघाड होऊ शकतो: डेटाबेस, कोड आणि फाइली. 'डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही' असा संदेश आला तर बहुधा कॉन्फिग फाइलमधल्या (संकेतस्थळाच्या मूळ सेटिंग्जच्या फाइलमधल्या) चार नोंदींपैकी एक चुकलेली असते: डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड किंवा डेटाबेस सर्व्हरचा पत्ता. चारही बरोबर असतील तर डेटाबेस सर्व्हरच बंद पडला आहे किंवा त्याच्यावर भार आला आहे, असे समजून होस्टिंगवाल्यांना (सर्व्हरची जागा भाड्याने देणाऱ्यांना) कळवा.

वर्डप्रेस, द्रुपल, जूमला यांपैकी काय घ्यावे?

तिन्ही मुक्त स्रोत आहेत, तिन्ही पीएचपीत लिहिलेले आहेत आणि तिन्ही मोफत मिळतात. द्रुपल २००१ मध्ये आले. वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी एका जुन्या ब्लॉग-प्रणालीच्या कोडवरून उभे केले. जूमला २००५ मध्ये मॅम्बो या प्रणालीतून वेगळे झाले.

निवड करताना सोयींची यादी ताडून बघण्यापेक्षा एकच प्रश्न विचारा: दर आठवड्याला यात मजकूर कोण घालणार आहे? ती व्यक्ती तांत्रिक नसेल तर वर्डप्रेस घ्या. शिकायला सोपे आहे आणि अडचण आली तर मदत करणारे लोक सहज मिळतात. मजकुराचे अनेक प्रकार, त्यांच्यातले गुंतागुंतीचे संबंध आणि परवानग्यांचे बारीक थर हवे असतील, शिवाय हाताशी विकसक असेल, तर द्रुपल सरस ठरते. विक्स, स्क्वेअरस्पेस किंवा शॉपिफायसारख्या सेवांमध्ये सर्व्हर आणि अपडेटची काळजी कंपनी घेते, पण उद्या तिथून निघायचे ठरवले तर मांडणी सोबत नेता येत नाही. पैसे भरण्याआधी निर्यातीची सोय नेमकी काय बाहेर देते, ते तपासा.

वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग एकच का?

नाही. डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर मोफत उतरवून तुम्ही ते स्वतःच्या होस्टिंगवर बसवता. डॉट कॉम ही तेच सॉफ्टवेअर चालवून देणारी एका कंपनीची सेवा आहे. तिथे काय करता येईल, हे तुम्ही घेतलेल्या योजनेवर अवलंबून असते.

कोड लिहिता यायला हवा का?

मजकूर घालायला, चित्रे लावायला, मेनू बदलायला अजिबात नको. मात्र सांभाळणाऱ्या माणसाला होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन एका फोल्डरचे नाव बदलता आले पाहिजे. संकेतस्थळ बंद पडते त्या दिवशी एवढे एक कौशल्य पुरते.

नवे संकेतस्थळ सुरू करताना कोणत्या गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवाव्यात?

ज्या नंतर बदलायला महाग पडतात, त्या. सर्वांत आधी 'सेटिंग्ज'मधल्या 'पर्मालिंक'मध्ये जाऊन पत्त्याची रचना निवडा. बहुतेकांना 'पोस्टचे नाव' ही रचना पुरते. पत्त्यात तारीख घालणे बातम्यांना शोभते, पण कायम टिकणाऱ्या माहितीच्या लेखाला ती जुनाट दाखवते. दोनशे लेख झाल्यावर ही रचना बदलली तर दोनशे जुने दुवे सांभाळत बसावे लागते.

मग वेळक्षेत्र निवडा. ते चुकले तर ठरवलेल्या वेळेचे लेख काही तास पुढेमागे प्रसिद्ध होतात. यादीत शहराचे नाव असेल तर तेच घ्या, कारण जिथे उन्हाळ्यात घड्याळे पुढे करतात तिथला बदल मग आपोआप हिशेबात येतो.

प्रशासकाचे खाते 'ॲडमिन' या नावाने उघडू नका, कारण आपोआप चालणारे हल्ले तेच नाव आधी वापरून बघतात. आणि 'वाचन' सेटिंगमधली ती एक चौकट लक्षात ठेवा: शोधयंत्रांनी हे संकेतस्थळ नोंदवू नये, अशी सूचना देणारी. बांधकाम चालू असताना तिच्यावर खूण करणे योग्य आहे. खुले केल्यावर ती काढायची राहून जाते आणि मग महिनोन्महिने शोधात संकेतस्थळ दिसतच नाही. 'गूगलवर येत नाही' अशी तक्रार आली की पहिली तपासणी इथे करा.

पोस्ट आणि पेज यांत फरक काय? वर्ग आणि टॅग कधी वापरावेत?

पोस्टला तारखेचा क्रम असतो, पेजला नसतो. बातमी, लेख, सूचना म्हणजे पोस्ट. 'आमच्याविषयी', 'संपर्क', 'नियम' म्हणजे पेज. वर्ग हे पुस्तकाच्या प्रकरणांसारखे असतात, थोडे आणि आधी ठरवलेले. टॅग हे शेवटच्या शब्दसूचीसारखे. प्रत्येक टॅगचे एक वेगळे पान आपोआप तयार होते, त्यामुळे एकदाच वापरून सोडलेले तीनशे टॅग म्हणजे एकेका दुव्याची तीनशे निरुपयोगी पाने.

देवनागरी शीर्षक दिले की पानाचा पत्ता लांबलचक आणि अगम्य होतो. असे का?

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. वेबपत्त्यात मूळ रूपात फक्त ठरावीक रोमन अक्षरे, अंक आणि काही चिन्हेच चालतात, म्हणून प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे अशा रूपात लिहिला जातो. एका बाइटाची तीन अक्षरे, तीन बाइटांची नऊ. काना, मात्रा, अनुस्वार, हलंत ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात. 'संकेतस्थळ' या शब्दात अशी नऊ चिन्हे आहेत, म्हणजे पत्त्यात तो एकटाच ८१ जागा घेतो.

वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. २०० भागिले ९, म्हणजे जेमतेम २२ चिन्हे. त्यामुळे लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मधेच तुटतो. एकाच शब्दांनी सुरू होणाऱ्या लेखांचे पत्ते मग सारखे होऊ लागतात आणि प्रणाली त्यांच्या शेवटी २, ३ असे आकडे लावते.

ब्राउझरच्या पट्टीत असा पत्ता बहुधा नीट देवनागरीत दिसतो, पण तो कॉपी करून संदेशात चिकटवला की चिन्हांची रांग उमटते. उपाय साधा आहे. शीर्षक मराठीतच ठेवा आणि प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत तीन-चार शब्दांचे छोटे रूप स्वतः लिहा. प्रसिद्ध झाल्यावर बदलाल तर पुनर्निर्देशन (जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवणे) करावे लागेल. त्याबद्दल पुढे येते आहेच.

जुना मराठी मजकूर चिकटवला तर भलतीच अक्षरे दिसतात किंवा नुसती प्रश्नचिन्हे येतात.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. भलतीच रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत असतील तर मूळ मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला आहे. त्या फाँटांत 'क' दिसत असला तरी आत दुसरेच रोमन अक्षर साठवलेले असते. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि त्यानंतर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावीच लागते, कारण परिवर्तक नेमका तिथेच चुकतो.

प्रश्नचिन्हे येत असतील तर दोष डेटाबेसच्या अक्षरसंचाचा आहे. जुन्या लॅटिन संचात बांधलेला तक्ता देवनागरी साठवू शकत नाही. संच 'यूटीएफ-८-एमबी-४' हवा. वर्डप्रेसने २०१५ पासून हाच संच धरला आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या तीन-बाइटी 'यूटीएफ-८'मध्ये मराठी बसते, पण इमोजीला चार बाइट लागतात, म्हणून मजकुरात इमोजी असेल तर तो साठवताना अडतो. लक्षात घ्या, एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलेले अक्षर परत मिळत नाही. संच बदलल्यावर मजकूर पुन्हा भरावाच लागतो.

वर्डमधून चिकटवल्यावर मांडणी बिघडते, त्याचे काय?

वर्ड आपल्यासोबत फाँट, रंग, अंतर यांच्या सूचना घेऊन येतो आणि त्या थीमशी भांडतात. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबून नुसता मजकूर चिकटवा, मग मथळे संपादकातूनच लावा. अक्षर मोठे आणि ठळक करून मथळ्याचा भास आणू नका. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला आणि शोधयंत्राला तो मथळा कळत नाही.

फोटो किती मोठे चढवावेत?

फोनच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्यातला फोटो साधारण ४०३२ × ३०२४ पिक्सेलचा आणि तीन ते पाच एमबीचा असतो. लेखाचा स्तंभ मात्र सहसा ७०० ते ८०० पिक्सेल रुंद असतो. वर्डप्रेस चढवलेल्या प्रत्येक चित्राच्या लहान प्रती स्वतः करते: १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या. २५६० पेक्षा मोठे चित्र असेल तर २५६० वर आणलेली आणखी एक प्रत होते. वाचकाच्या पडद्याला साजेशी प्रत ब्राउझर उचलतो. ही सोय उत्तम आहे, पण याचा अर्थ एका फोटोमागे सर्व्हरवर सात-आठ फाइली साठतात. होस्टिंगची जागा इतक्या लवकर का भरली, याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते.

म्हणून चढवण्याआधी चित्र १६०० ते २००० पिक्सेल रुंदीवर आणा आणि २०० ते ३०० केबीच्या आत ठेवा. फोटोला जेपीईजी किंवा वेबपी वापरा. पीएनजी ठेवा रेखाचित्रे, बोधचिन्हे आणि पडद्याच्या प्रतिमांसाठी. फाइलचे नाव आधीच अर्थपूर्ण द्या, कारण चढवल्यावर ते सहज बदलत नाही. आणि पर्यायी मजकुराची चौकट रिकामी सोडू नका. चित्र पाहू न शकणाऱ्या वाचकासाठी चित्राच्या जागी तेच एक वाक्य असते.

फाइल चढतच नसेल तर पीएचपीच्या मर्यादा बघा. मूळ स्थितीत एका फाइलला २ एमबी आणि एका वेळच्या एकूण पाठवणीला ८ एमबी एवढीच मुभा असते. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये दोन्ही आकडे वाढवा. एकच वाढवून उपयोग होत नाही.

अनेक जण एकाच संकेतस्थळावर लिहितात. गोंधळ कसा टाळावा?

प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि कामापुरताच अधिकार द्या. वर्डप्रेसमध्ये पाच भूमिका तयार मिळतात. 'सदस्य' फक्त स्वतःची माहिती बदलतो. 'योगदानकर्ता' मसुदा लिहून तपासणीला पाठवतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही आणि चित्रेही चढवू शकत नाही. ही दुसरी गोष्ट नव्या लेखकांना गोंधळात टाकते. 'लेखक' स्वतःचे लेख प्रसिद्ध करतो. 'संपादक' सगळ्यांचे लेख हाताळतो. 'प्रशासक' प्लगइन (जादा सोयी देणारे जोड-सॉफ्टवेअर), थीम, वापरकर्ते असे सर्वच बदलू शकतो. प्रशासक एक किंवा दोनच असावेत. सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरायची पद्धत असेल तर आजच मोडा, कारण चूक कुणाकडून झाली हे मग कधीच कळत नाही आणि कुणी काम सोडले की पासवर्ड बदलल्याचे सगळ्यांना कळवत बसावे लागते.

दोघांनी एकच लेख उघडला तर दुसऱ्याला तशी सूचना दिसते आणि ताबा घ्यायचा का, असे विचारले जाते. विचारल्याशिवाय ताबा घेऊ नका. मजकूर चुकून उडालाच तर 'आवृत्त्या' उघडा. प्रत्येक साठवणीची प्रत तिथे असते, दोन आवृत्त्यांमधला फरक रंगाने दिसतो आणि जुनी आवृत्ती एका बटणाने परत येते. पुसलेला लेख ३० दिवस कचरापेटीत राहतो.

वेळ ठरवून ठेवलेला लेख वेळेवर प्रसिद्ध का झाला नाही?

वर्डप्रेसचे अंतर्गत वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, भेटींवर चालते. कुणी पान उघडले की प्रणाली बघते, एखादे काम करायचे राहिले आहे का. पहाटे पाचला कुणी आलेच नाही, किंवा सगळ्यांना कॅशेतले (आधी बांधून ठेवलेल्या प्रतींतले) तयार पान मिळाले, तर पाचचा लेख तसाच राहतो. उपाय: कॉन्फिग फाइलमध्ये हे अंतर्गत क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारी यंत्रणा) बंद करा आणि होस्टिंगच्या पॅनेलमधून दर पाच किंवा पंधरा मिनिटांनी खरे क्रॉन लावा.

बदल केला, साठवला, पण संकेतस्थळावर जुनेच दिसते आहे!

बदल हरवलेला नाही. तो आणि वाचक यांच्यामध्ये कॅशेचे तीन थर असू शकतात आणि ते याच क्रमाने तपासावेत.

पहिला ब्राउझरचा. खासगी खिडकीत पान उघडा. तिथे नवे दिसले तर प्रश्न फक्त तुमच्या संगणकापुरता आहे. दुसरा सर्व्हरचा: कॅशे प्लगइन किंवा होस्टिंगने ठेवलेला. प्लगइनमधून 'कॅशे रिकामी करा' म्हणा आणि होस्टिंगच्या पॅनेलमध्येही तसे बटण आहे का बघा. तिसरा सीडीएनचा, म्हणजे जगभर पानांच्या प्रती ठेवणाऱ्या सेवेचा. तो वेगळ्या खात्यातून रिकामा करावा लागतो.

आणखी एक फसगत अशी की लॉगइन केलेल्या माणसाला बहुतेक प्लगइन कॅशेतले पान दाखवतच नाहीत. तुम्हाला बदल दिसतो, वाचकाला दिसत नाही. म्हणून तपासणी नेहमी लॉगआउट होऊन करा.

अपडेट लगेच करावेत की थांबावे?

सुरक्षेचे अपडेट लगेच. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपलने एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. काही तासांतच आपोआप चालणारे हल्ले सुरू झाले. नंतर द्रुपलच्या सुरक्षा गटाने जाहीर केले की ज्या संकेतस्थळांवर सात तासांच्या आत दुरुस्ती बसली नाही, ती फोडली गेली आहेत असेच धरून चाला. दुरुस्ती जाहीर होते तेव्हा त्रुटी कुठे होती, हेही सगळ्यांना कळते. आठवडाभर थांबणे म्हणूनच परवडत नाही.

वर्डप्रेस २०१३ पासून छोटे सुरक्षा अपडेट स्वतःच बसवते आणि २०२० पासून प्लगइन व थीमचे आपोआप अपडेटही चालू करता येतात. ते चालू ठेवा. मोठ्या आवृत्तीसाठी मात्र काही दिवस थांबायला हरकत नाही. तेव्हा क्रम असा ठेवा: पूर्ण बॅकअप, मग चाचणी-प्रतीवर (संकेतस्थळाच्या वेगळ्या नकलेवर) अपडेट, तिथे मुखपृष्ठ, एक लेख, संपर्क फॉर्म आणि लॉगइन तपासणे, मग खऱ्या संकेतस्थळावर. प्लगइन एकेक करून अपडेट करा. वीस एकदम केले आणि काही मोडले, तर दोषी कोण हे शोधण्यात दिवस जातो.

पीएचपीची आवृत्तीही याच यादीत येते. ७.४ आवृत्तीचा सुरक्षा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, तरी ती अजून अनेक सर्व्हरवर सापडते.

अपडेटनंतर पान पांढरे पडले किंवा 'गंभीर त्रुटी' असा संदेश आला. आता?

घाबरून पुन्हा पुन्हा बटणे दाबू नका. मजकूर डेटाबेसमध्ये सुखरूप असतो.

१. प्रशासकाचा ईमेल बघा. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी दोषी प्लगइनचे नाव आणि दुरुस्तीसाठी आत जाण्याचा खास दुवा पाठवते.

२. ईमेल आला नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरमध्ये जा आणि त्यातल्या 'प्लगइन्स' फोल्डरचे नाव बदला. सगळे प्लगइन एकदम बंद होतात.

३. लॉगइन होऊन प्लगइनच्या पानावर एकदा जा, मग फोल्डरला मूळ नाव द्या आणि प्लगइन एकेक करून सुरू करा. ज्याच्यानंतर पान पडेल, तो दोषी.

४. प्लगइन बंद करूनही पान पांढरेच असेल तर थीमच्या फोल्डरवर हाच प्रयोग करा. मात्र आधी एखादी मूळ थीम बसवलेली असू द्या.

'देखभालीसाठी थोडा वेळ बंद' हा संदेश अडकून राहिला असेल तर अपडेट अर्धवट तुटले आहे. मूळ फोल्डरमध्ये 'मेंटेनन्स' नावाची, टिंबाने सुरू होणारी लपलेली फाइल असते. ती पुसा आणि अपडेट पुन्हा चालवा.

किती प्लगइन असावेत?

आकडा महत्त्वाचा नाही. चांगले लिहिलेले तीस प्लगइन चालतात, वाईट लिहिलेला एक पुरतो संकेतस्थळ मंद करायला. बसवण्याआधी शेवटचे अपडेट कधी आले, तुमच्या आवृत्तीवर तपासलेला आहे का आणि मदतीच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात का, हे बघा. वापरात नसलेला प्लगइन नुसता बंद करून ठेवू नका, पुसून टाका. बंद प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर असतात आणि त्यांच्यातल्या त्रुटीही. फुकट वाटल्या जाणाऱ्या, परवाना तोडलेल्या महागड्या थीम आणि प्लगइन कधीही घेऊ नका. त्यांच्यात मागचे दार ठेवलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि अपडेट तर येतच नाहीत.

थीमच्या फाइलीत केलेले बदल अपडेटनंतर गायब झाले.

होणारच. अपडेट म्हणजे जुन्या फाइलींवर नव्या फाइली. बदल उपथीममध्ये करा, ती मूळ थीमवर आधारलेली असते पण अपडेटने पुसली जात नाही. फक्त रंग किंवा अंतर बदलायचे असेल तर अतिरिक्त सीएसएसची (रूप ठरवणाऱ्या कोडची) चौकट पुरते.

बॅकअप कशाचा, किती वेळा आणि कुठे?

डेटाबेस आणि फाइली, दोन्हींचा. नुसत्या फाइली घेतल्या तर चित्रे आणि थीम मिळतील, एकही लेख मिळणार नाही. नुसता डेटाबेस घेतला तर लेख मिळतील, चित्रे नाहीत. फाइलींपैकी 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डर आणि कॉन्फिग फाइल अत्यावश्यक. वर्डप्रेसचा मूळ कोड केव्हाही पुन्हा उतरवता येतो.

किती वेळा, हे स्वतःला असे विचारा: किती दिवसांचे काम पुन्हा करायची तयारी आहे? रोज लेख येत असतील तर डेटाबेस रोज, फाइली आठवड्याला. ऑनलाइन खरेदी चालत असेल तर डेटाबेस तासाला. प्रती त्याच सर्व्हरवर ठेवल्या तर सर्व्हरसोबत त्याही जातात, म्हणून किमान एक प्रत बाहेर हवी. निदान ३० दिवसांच्या प्रती ठेवा, कारण घुसखोरी कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी लक्षात येते आणि तोवर ताज्या सगळ्या प्रतींत ती शिरलेली असते.

आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपवरून चाचणी-प्रत उभी करून बघा. अर्धवट राहिलेली, शून्य बाइटची किंवा चित्रे वगळलेली प्रत ऐन गरजेच्या वेळी हाती येणे, ही या कामातली सर्वांत वाईट गोष्ट आहे आणि ती पूर्णपणे टाळता येते.

संकेतस्थळ फोडले गेले हे कसे ओळखावे आणि काय करावे?

खुणा: न लिहिलेली पाने शोधात दिसणे, अनोळखी प्रशासक, फोनवरून किंवा शोधातून येणाऱ्या वाचकांनाच दुसरीकडे नेले जाणे. या शेवटच्या प्रकारात मालकाला काहीच दिसत नाही, कारण तो थेट पत्ता टाकून येतो.

आधी संकेतस्थळ तात्पुरते बंद करा. होस्टिंग, एफटीपी (सर्व्हरवर फाइली चढवायची सोय), डेटाबेस आणि सर्व प्रशासक यांचे पासवर्ड बदला. कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या बदला, म्हणजे आत असलेले सगळे बाहेर फेकले जातील. मूळ कोड आणि प्लगइन नव्याने उतरवून बसवा. 'अपलोड्स' फोल्डरमध्ये पीएचपी फाइली शोधा. तिथे चित्रे असायला हवीत, कोडला तिथे सहसा काहीच काम नसते. फोल्डरांच्या परवानग्या ७५५ आणि फाइलींच्या ६४४ करा. ७७७, म्हणजे कुणालाही बदल करायची मुभा, कुठेही नको. स्वच्छ बॅकअप असेल तर तो परत लावणे जास्त खात्रीचे, पण ज्या भोकातून चोर आला ते बुजवल्याशिवाय संकेतस्थळ खुले करू नका. आणि प्रशासकांना दोन टप्प्यांचे लॉगइन सक्तीचे करा.

संपर्क फॉर्म भरला जातो, पण ईमेल येत नाही.

फॉर्म बहुधा 'प्रेषक' म्हणून भेट देणाऱ्याचा पत्ता लावतो. तुमचा सर्व्हर त्या पत्त्याच्या वतीने ईमेल पाठवायला अधिकृत नसतो, म्हणून घेणारी सेवा तो बनावट समजते. प्रेषकाच्या जागी तुमच्याच डोमेनचा पत्ता टाका, भेट देणाऱ्याचा पत्ता 'उत्तर इथे द्या' या जागी, आणि ईमेल एसएमटीपीमार्फत, म्हणजे तुमच्या ईमेल सेवेत लॉगइन करून, पाठवा. शिवाय प्रत्येक फॉर्मची नोंद डेटाबेसमध्ये साठवायची सोय चालू ठेवा, म्हणजे ईमेल हरवला तरी माणूस हरवत नाही.

पानाचा पत्ता बदलला किंवा पान काढले तर?

पत्ता बदलला तर जुन्यावरून नव्यावर ३०१ पुनर्निर्देशन लावा. ते कायमच्या बदलाचे असते. ३०२ तात्पुरत्या बदलासाठी. सगळी जुनी पाने मुखपृष्ठावर वळवू नका, वाचकाला काय शोधत होतो तेच सापडत नाही. मुखपृष्ठ उघडते पण बाकी सगळी पाने ४०४ ('पान सापडले नाही') दाखवतात, असे झाले तर 'पर्मालिंक' सेटिंग उघडून काही न बदलता पुन्हा साठवा. पत्त्यांचे नियम नव्याने लिहिले जातात आणि बहुधा तेवढ्याने भागते.

डोमेन बदलताना डेटाबेसमध्ये साधे 'शोधा आणि बदला' चालेल का?

नाही. वर्डप्रेस अनेक सेटिंग्ज अशा रूपात साठवते, जिथे मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. जुना पत्ता २२ अक्षरांचा आणि नवा २७ चा असेल, तर मजकूर बदलतो, लांबीचा आकडा २२ च राहतो आणि ती सेटिंग वाचलीच जात नाही. विजेट आणि थीमची मांडणी अशानेच उडते. हे रूप समजणारे साधन वापरा. डब्ल्यूपी-सीएलआयची (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस हाताळायच्या साधनाची) 'सर्च-रिप्लेस' आज्ञा हे काम नीट करते आणि आधी कोरडी फेरी मारून किती जागी बदल होईल तेही दाखवते.

सीएमएस नकोच, असे कधी म्हणावे?

पाच-सात पाने, वर्षातून दोनदा बदल आणि कोड हाताळणारा माणूस उपलब्ध असेल तेव्हा. ह्यूगो किंवा जेकिलसारखे साधन पाने आधीच बांधून ठेवते. डेटाबेस नाही, लॉगइन नाही, त्यामुळे फोडण्यासारखे फारच थोडे उरते. मात्र शब्द बदलायला प्रत्येक वेळी त्याच माणसाला शोधावे लागणार असेल, तर सीएमएसच बरे.

संकेतस्थळ दुसऱ्याच्या हाती सोपवताना काय काय द्यावे-घ्यावे?

डोमेन नोंदणीचे खाते, होस्टिंगचे खाते, सीडीएनचे खाते, प्रशासकाचे लॉगइन, विकत घेतलेल्या थीम-प्लगइनचे परवाने, बॅकअप कुठे साठतात ती जागा आणि ईमेल सेवेचे खाते. यात डोमेन सर्वांत महत्त्वाचे. ते बांधणाऱ्याच्या नावावर असेल तर आधी ते तुमच्या नावावर करून घ्या आणि नूतनीकरणाची सूचना चालू असलेल्या ईमेलवर येते ना, हे बघा. होस्टिंग बदलता येते, गेलेले डोमेन परत मिळेलच असे नाही.

शेवटी जाणाऱ्याचे खाते काढा, पण बटण दाबताना थांबून वाचा. वर्डप्रेस तिथे विचारते की या वापरकर्त्याचा मजकूर पुसायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा. 'दुसऱ्याच्या नावे' निवडा. पहिला पर्याय निवडला तर त्याचे सगळे लेख खात्यासोबतच जातात.